सख्खेच म्हणा

संस्थेने एका गल्लीतल्या त्रेचाळीस माणसांना पत्रं पाठवली, की तुमचं हृदय तुम्हाला कधीही दगा देऊ शकतं, तेव्हा जपा. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जणांची हृदयं ठणठणीत होती. त्याच गल्लीत एक चव्वेचाळिसावा माणूस होता, ज्याचं हृदय खरोखरच दगा द्यायच्या तयारीत बसलं होतं, पण त्याला कुणी साधी चिठ्ठीसुद्धा पाठवली नाही. ही चूक चौकटताईंच्या हातून झाली. सव्वीस वर्षांच्या नोकरीतली ती त्यांची पहिली चूक, आणि ती त्यांनी इतक्या सुवाच्य अक्षरात केली होती की ती चूक आहे हे कळायलाच आठ महिने गेले.

त्या संस्थेचा उद्योग असा, की माणसाचं रक्त घ्यायचं, त्याच्या घराण्याची माहिती घ्यायची, दोन्ही एकत्र घोटायचं आणि त्याला पुढे दहा-वीस वर्षांनी काय होईल ते आजच सांगायचं. पूर्वी हे काम हात बघणारे करायचे, आता पांढरे डगले घालून करतात, एवढाच काय तो फरक, असं ताईंचे यजमान म्हणत. ताईंना हे बोलणं मुळीच खपत नसे. रक्ताचं काम वरच्या मजल्यावर चाले. घराण्याचं काम तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, ताईंच्या टेबलावर. पुरुष असेल तर चौकट काढायची, बाई असेल तर गोल. आजारी असेल तर आत शाई भरायची, वारला असेल तर वरून तिरपी रेघ मारायची. नवराबायकोंमध्ये आडवी रेघ, मुलांसाठी खाली उभ्या रेघा. अशी हजारो घराणी ताईंनी कागदावर मांडली होती, म्हणून सगळे त्यांना चौकटताई म्हणत. रस्त्यातसुद्धा त्यांना माणसांच्या जागी चौकटी आणि गोल दिसत, आणि एखादी चौकट खोकली की त्या मनातल्या मनात तिच्यात शाई भरून मोकळ्या होत.

ताईंचा नियम एकच. समोरचा सांगतो तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. हा नियम त्यांनी नोकरीसाठी केलेला नव्हता, तो त्यांच्या अंगातच होता. चौथीत असताना शाळेने एक फॉर्म दिला होता. त्यात 'वडील काय करतात?' असा प्रश्न होता. वडील नेमके तेव्हा कशावरून तरी तापलेले होते. ते म्हणाले, "लिही, तुमच्यापायी मरतोय." तिने लिहिलं, 'मरतायत.' दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका दोन शिक्षिकांना घेऊन, चेहरे पाडून घरी आल्या. दार वडिलांनीच उघडलं. मुख्याध्यापिकांनी त्यांना उभं राहू नका, पडून राहा, असा फार आग्रह केला.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात यजमान सहज म्हणून गेले, "तू काही बोलूच नकोस." ताई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी यजमानांनी लेखी माफी मागितली, कारण तोंडी माफी ताईंना मोघम वाटली. तेव्हापासून ते घरात वकिलाच्या नोटिशीसारखं बोलत. "मला चहा हवा आहे, एक कप, आत्ता, आणि हा टोमणा नाही." संसार उत्तम चालला होता.

या सगळ्याच्या दोन वर्षं आधी एका मोठ्या कंपनीने संस्थेशी हातमिळवणी केली आणि वरच्या मजल्यावर भाकीतयंत्र आलं. त्याच्याबरोबर एक साहेब आले. डोक्यावर केस बेतानेच, हातात कायम एक वही. त्यांना 'पाऊस येईल का' विचारलं तर ते 'चौसष्ट टक्के' म्हणत. 'जेवलात का' विचारलं तर 'नव्वद टक्के' म्हणत, कारण फळ खायचं राहिलेलं असे. त्यांचं नाव टक्केराव पडायला एक दुपार पुरली. ताई फॉर्म भरणार, टक्केराव ते यंत्राला भरवणार, यंत्र भाकीत सांगणार आणि त्याचं पत्रही आपणच छापून टपालात टाकणार, अशी सोय होती. मधे कुणी माणसाने वाचून बघायचं कलम त्यात नव्हतं.

संस्थेच्या मागे एक गल्ली होती. गल्लीच्या तोंडाशी सायकलवाले काका बसत. पंक्चर काढत, हवा भरत, आणि ज्याच्याकडे सायकलच नाही त्याच्याशीसुद्धा तासतासभर बोलत. संस्थेने आसपासच्या लोकांना रक्त द्यायला बोलावलं तेव्हा काका सगळ्यांच्या आधी हजर झाले. बाहीसुद्धा घरूनच दुमडून आणली होती.

"भाऊ-बहिणी?" ताईंनी विचारलं.

"बहीण नाही. एक भाऊ आहे, पण असून नसल्यासारखा."

फॉर्मवर दोन चौकटी होत्या, 'आहे' आणि 'नाही'. ताईंनी क्षणभर विचार केला आणि दोन्हींवर खूण केली. शिवाय समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'असून नसल्यासारखा.' यंत्राला समास वाचता येत नव्हता. त्याने एकातून एक वजा केला आणि भाऊ शून्य धरले.

"पुतणे, पुतण्या?"

"सगळी गल्लीच की."

"एकेकाचं नाव सांगा."

काकांना यापेक्षा आवडता प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नसेल. त्यांनी बोटं मोजत त्रेचाळीस नावं सांगितली. ताईंनी पुरवणी कागद जोडून त्रेचाळीस नावं लिहिली.

"रक्तात काही निघालं तर कुणाला कळवायचं?"

"माझ्या माणसांना. सगळ्यांना सांगा."

भाऊ शून्य, बहिणी शून्य, पुतणे-पुतण्या त्रेचाळीस. यंत्राला यात काही वावगं वाटलं नाही. टक्केराव यंत्राच्या शब्दाबाहेर नव्हते. आणि ताईंनी तर ऐकलं ते लिहिलं होतं.

दोन महिन्यांनी काका गेले. दुपारी एका बाईंच्या सायकलमध्ये हवा भरता भरता खाली बसले ते उठलेच नाहीत. अठ्ठावन्न हे काही जायचं वय नव्हे. गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं, आणि सगळी गल्ली संस्थेत लोटली, की काकांचं असं झालं, आता आमचंही बघा. ताईंनी तीन दिवसांत त्रेचाळीस फॉर्म भरले. पहिले आले निवृत्त पोस्टमन.

"घरात हृदयविकाराने कुणी गेलंय?"

"काका गेले ना आमचे, परवा. सायकलवाले."

"सख्खे?"

पोस्टमननी डोळे पुसले. "आता काय सांगू तुम्हाला? सख्खेच म्हणा."

ताईंनी म्हटलं. अगदी प्रामाणिकपणे, हळू आवाजात, "सख्खे," असं म्हणून पाहिलं आणि खूण केली. त्यांच्यामागून आलेल्या शिक्षिकाबाईही 'सख्खेच म्हणा' म्हणाल्या. त्यांचे यजमानही तेच म्हणाले. चौथ्या बाईंनी 'सख्ख्यापेक्षा जास्त' असं सांगितलं, पण त्यासाठी फॉर्मवर चौकट नव्हती, तेव्हा जवळात जवळची म्हणून ताईंनी सख्खेवर खूण केली. तीन दिवस माणसं म्हणा म्हणत राहिली आणि ताई म्हणत राहिल्या.

वरच्या मजल्यावर आनंदीआनंद झाला. इकडे काकांच्या फॉर्मवर त्रेचाळीस पुतणे, तिकडे त्रेचाळीस फॉर्मवर तेच काका. दोन्ही बाजूंनी ताळा जमला. एकोणीस घरांतली ही माणसं, म्हणजे काकांना किमान एकोणीस भाऊ असले पाहिजेत, असं यंत्राने ठरवलं आणि एका बिचाऱ्या अज्ञात माऊलीच्या नावावर वीस बाळंतपणं टाकली. सात घरांत नवरा आणि बायको दोघांचेही काका तेच, म्हणजे चुलत भावंडांच्या सात जोड्यांनी आपसात लग्नं केलेली. पोस्टमन एकाहत्तर वर्षांचे आणि त्यांचे काका अठ्ठावन्नचे, याची नोंद 'विरळा प्रकार' अशी झाली. टक्केरावांनी या घराण्याचा तक्ता काढला. तो भिंतीवर मावेना, म्हणून कोपऱ्यातून वळवून जिन्यापर्यंत नेला. लोक जिना चढता चढता पुतणे वाचत.

त्यातच काकांच्या रक्ताचा निकाल आला. हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याचा दोष होता, जन्मापासून रक्तात असलेला. माणूस चांगला हिंडता-फिरता असतो आणि एक दिवस हृदय अचानक थांबतं. यंत्राने लगेच त्रेचाळीस पत्रं छापली.

पत्रं पोचली आणि गल्लीची चालच बदलली. माणसं जिन्याच्या तीन पायऱ्या चढून बसायला लागली. एका गृहस्थाने पाण्याची बादली उचलायचं सोडलं. बायको ओरडली की तो पत्र पुढे करी. दोन शेजाऱ्यांचं वर्षानुवर्षांचं भांडण होतं, ते त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने बसून आणि हळू आवाजात करायला सुरुवात केली. शिक्षिकाबाईंनी वर्गात सांगून टाकलं की मला धक्का बसेल अशी उत्तरं देऊ नका. सगळ्यांनी रक्त दिलं, निकालाची वाट बघत बसले.

निकाल आले. त्रेचाळिसांतल्या एकाच्याही रक्तात तो दोष नव्हता. इतकंच नाही, काकांच्या रक्ताशी कुणाच्याही रक्ताचा काडीचा संबंध नव्हता. आता एखाद्या माणसाने यावर डोकं खाजवलं असतं. यंत्राला डोकं खाजवता येत नाही, त्याने पत्रं छापली. 'आपण नोंदवलेले सख्खे काका हे आपल्या वडिलांचे सख्खे भाऊ असल्याचा पुरावा रक्तात आढळला नाही. याबाबत घरातील ज्येष्ठ स्त्रियांशी शांतपणे व आपुलकीने बोलून खुलासा करून घ्यावा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई खोलीचं दार उघडतात तो समोर अकरा आज्या. सगळ्यात पुढे पोस्टमनची आई. वय त्र्याण्णव, हातात काठी, आणि मागे एकाहत्तर वर्षांचा मुलगा मान खाली घालून.

"माझ्याबद्दल हे कोण म्हणालं?" आजींनी पत्र टेबलावर आपटलं.

"यंत्र म्हणालं, आजी."

"त्याला खाली बोलवा."

"ते खाली येत नाही."

"तोंड दाखवायला लाज वाटत असेल." आजी खुर्चीत बसल्या आणि त्यांनी मुलाला पुढे ओढलं. "हे नाक बघा. हे याच्या बापाचं नाक. एवढं वाईट नाक मी दुसऱ्या कुणाकडून कशाला आणीन?"

मागच्या दहा आज्यांनी माना डोलावल्या. एकीने आपल्या मुलाचे कान पुराव्यादाखल बरोबर आणलेल्या फोटोत दाखवले. ताईंनी नाक पाहिलं, कान पाहिले, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने विचारलं, "मग सायकलवाले काका तुमचे कोण? धाकटे दीर ना?"

"कसले दीर? कोपऱ्यावरचे सायकलवाले ते. माझ्या नवऱ्याला एकच भाऊ होता आणि तो लहानपणीच गेला."

"पण यांनी सख्खे सांगितलं."

"मी कुठे सांगितलं?" पोस्टमन म्हणाले. "मी 'सख्खेच म्हणा' म्हणालो."

"मी म्हटलं," ताई म्हणाल्या.

आजी इतक्या हसल्या की काठी हातातून सुटली. बाकीच्या दहा जणीही हसायला लागल्या. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कपाट उघडून त्रेचाळीस फॉर्म काढले. त्रेचाळीस खुणा, एकासारखी एक, सगळ्या चौकटीच्या मधोमध.

ताई जिना चढून मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. टक्केराव तिथेच होते. त्यांनी वही उघडली. "म्हणजे एकोणीस भाऊ..."

"त्यांची चौकशी नंतर करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काकांच्या रक्तातला दोष खरा आहे. त्यांचं कुणी खरोखर सख्खं असेल, तर त्याच्यातही तो असण्याची निम्मी शक्यता आहे. औषधं आहेत, उपाय आहेत, पण माणूस आधी हाती लागला पाहिजे. आठ महिने आपण धडधाकट लोकांना गोंजारत बसलो. भाऊ होता का त्यांना?"

ताईंनी काकांचा फॉर्म उलटला. समासात त्यांचंच अक्षर होतं. भाऊ आहे. असून नसल्यासारखा. एक माणूस कुठेतरी निवांत हिंडतोय, उद्या खाली बसेल आणि उठणार नाही, आणि ते आपल्यामुळे होईल, या विचाराने ताईंना रडू आलं. त्या डॉक्टरीणबाईंसमोरच रडल्या, मग डोळे पुसून पिशवीत फॉर्म भरले आणि गल्लीत निघाल्या.

गल्लीत त्यांना दोन कामं करायची होती. त्रेचाळीस फॉर्मवरून काकांना खोडायचं आणि भाऊ शोधायचा. पहिलं काम होईना. शिक्षिकाबाईंनी पेन हातात घ्यायलाच नकार दिला.

"खोडायचं म्हणजे काय? गेलेल्या माणसाला खोडायचं?"

"ते रक्ताचे नव्हते ना."

"मग माझ्या रक्ताच्या काकांना खोडा. ते मागे आमच्या दारावरूनच पुढे निघून गेले, पण घरी आले नाहीत."

आणि दुसरं काम तर त्याहून अवघड. भावाचं नाव काढलं की चांगली बोलणारी माणसं छताकडे बघत. कुणाला चहा गाळायचा आठवे, कुणाचा फोन न वाजताच वाजे. पाच दारांवर हेच झालं. ताई दमून गल्लीच्या तोंडाशी काकांच्या बंद दुकानासमोर उभ्या राहिल्या. वर पाटी होती, 'सायकल व'.

दुसरं कुणी असतं तर पाटी तुटली असेल म्हणून पुढे गेलं असतं. ताईंना ते जमण्यासारखं नव्हतं. लिहिलंय 'व', म्हणजे पुढे काहीतरी असलं पाहिजे. त्या वळल्या. बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, किल्ल्या आणि कुलपांचं दुकान होतं, आणि त्याच रंगाच्या, त्याच जाडीच्या, डाव्या कडेला करवतीने कापलेल्या फळीवर लिहिलं होतं, 'कुलूप बंधू'. आत एकच माणूस किल्ली घासत बसला होता.

ताई तडक पोस्टमनच्या घरी परत गेल्या. "समोरचे कुलूपवाले काकांचे भाऊ आहेत?"

"हो तर. सख्खे. धाकटे." पोस्टमन म्हणाले. "सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"मग मला कुणी का नाही सांगितलं?"

"फॉर्म भरताना तुम्ही आमच्या घरच्यांबद्दल विचारत होतात. आणि त्याच्यासमोर भावाचं नाव निघालं की तो हातातलं काम टाकून देतो. तेव्हा कुणी नावच काढत नाही. निम्म्या गल्लीची कुलपं त्याच्याकडे पडलेली आहेत, ताई. आम्ही घरात जायचं कसं?"

कुलूपवाले छपन्न वर्षांचे होते. काका अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले, म्हणजे दोन वर्षांचा अवधी, ताईंनी चालता चालता हिशेब केला, आणि त्यांच्या पायांनी वेग घेतला.

"तुम्हाला भाऊ आहे?"

"नाही." किल्लीवरून कानस फिरत राहिली.

नियमाप्रमाणे ताईंनी 'नाही' लिहायला हवं होतं. त्यांनी पेन उघडलंसुद्धा. मग बंद केलं आणि पर्समध्ये टाकलं. नियम मोडल्यावर आपल्याला काहीतरी होईल असं त्यांना वाटत होतं, पण काही झालं नाही.

"तुमच्या पाटीवर 'बंधू' लिहिलंय. एकटा माणूस बंधू कसा?"

"पाटी जुनी आहे."

"अर्धीच आहे."

"उरलेली समोर आहे ना, दिसत नाही का?"

"ती वाचली मी. तिथे 'सायकल व' लिहिलंय. व काय? तो 'व' तसाच लोंबकळतोय."

कानस थांबली. कुलूपवाल्यांनी ताईंकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. टिंगल असेल तर ती चेहऱ्यावर कुठे दिसतेय का, हे ते शोधत होते. ताईंच्या चेहऱ्यावर फक्त प्रश्न होता.

"मी म्हणत होतो 'कुलूप व सायकल बंधू' लिहू," ते म्हणाले. "माणूस आधी घराला कुलूप लावतो, मग सायकलवर बसतो. बरोबर की नाही?"

"बरोबर आहे."

"तो म्हणाला, सायकल आधी. मोठा ना. मला न सांगता पाटी रंगवून आणली. मी करवत आणली. अठरा वर्षं झाली त्याला."

"एका 'व'साठी?"

"एका 'व'साठी," कुलूपवाले म्हणाले, आणि ते ऐकायला किती मूर्खपणाचं वाटतं हे त्यांना तेव्हा पहिल्यांदाच कळलं असावं, कारण त्यांनी हातातली किल्ली बाजूला सारली. मग त्यांनी विचारलं, "त्याला झालं काय होतं?"

ताईंनी सगळं सांगितलं. दोष जन्मापासूनचा आहे, सख्ख्या भावात असण्याची निम्मी शक्यता आहे, आणि आपल्या माणसांना कळवा असं काकांनी स्वतः सांगून ठेवलंय. "सगळ्यांना सांगा म्हणाले होते."

"सगळ्यांना," कुलूपवाले म्हणाले. ते उठले आणि शटर ओढायला लागले. शटरला लावायला त्यांच्याकडे धड कुलूप नव्हतं. दुकानात दोनशे कुलपं, सगळी दुरुस्तीची. शेवटी शटरला सुतळी बांधली आणि दोघं संस्थेत आले.

जिन्याखालच्या खोलीत ताईंनी नवा फॉर्म घेतला.

"भाऊ?"

"एक."

"सख्खा?"

"हो."

"मोठा की धाकटा?"

"मोठा. दोन वर्षांनी."

पुढे दोन चौकटी होत्या, 'हयात' आणि 'मृत'. ताईंनी विचारलं नाही, फक्त कागद त्यांच्याकडे वळवला. कुलूपवाल्यांनी पेन हातात घेतलं. त्यांचं ते पेन कितीतरी वेळ कागदाच्या वरच राहिलं.

"मी दुकानातून बघत होतो," ते म्हणाले. "तो हवा भरत होता. मधेच खाली बसला. मला वाटलं पंप बिघडला. मी मनात म्हटलं, बरं झालं. म्हटलं, आता येईल समोर, माझ्याकडे पाना मागायला." त्यांनी पेन खाली ठेवलं. "अठरा वर्षं मी तो पाना तेल लावून ठेवलाय."

ते रडायला लागले. ताईही रडल्या. त्यांनी कागद ओढून घेतला आणि म्हणाल्या, "राहू दे. रिकामी राहू दे ती चौकट." सव्वीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून रिकामी चौकट वर गेली नव्हती.

कुलूपवाल्यांच्या रक्तात तो दोष निघाला. हृदयाचा स्नायूही जाड व्हायला लागला होता. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या आणि दर महिन्याला तपासणीला यायला बजावलं. ते हो म्हणाले. पहिल्या महिन्यात ते फिरकले नाहीत. ताईंनी फोन केला तर म्हणाले, "मला काय धाड भरलीये? कामं पडली आहेत इथे." गोळ्या घेताय का, असं विचारलं तर उत्तर आलं की आठवेल तेव्हा. ताईंनी डोक्याला हात लावला. माणूस सापडला होता आणि पुन्हा हातातून निसटत होता.

पण यंत्राला रिकामी चौकट सहन होत नाही. महिना भरताच त्याने आपण होऊन पत्र छापलं. 'आपण आपल्या भावाविषयी दिलेली माहिती अपूर्ण आहे. कृपया समक्ष येऊन पूर्ण करावी.' दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूपवाले पत्राची घडी हातात घेऊन टेबलासमोर उभे. ताईंनी आधी त्यांना वर पाठवलं, तपासणी करवून घेतली, गोळ्या मोजून दिल्या, आणि मग फॉर्म काढला. चौकटीकडे दोघांनीही पाहिलं नाही. कुलूपवाले म्हणाले, "लिहा. त्याला कुत्र्यांची फार भीती वाटायची. सायकलवर असला तरी पाय वर घ्यायचा." ताईंनी लिहिलं.

टक्केरावांच्या हे लक्षात आलं. एक दिवस ते खाली आले. "ती एक चौकट मीच भरून टाकतो. नाहीतर यंत्र दर महिन्याला पत्र पाठवत राहील. शंभर टक्के."

"तिला हात लावायचा नाही," ताई म्हणाल्या. टक्केरावांनी त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ते वर गेले आणि त्या चौकटीच्या वाटेला पुन्हा गेले नाहीत.

आता दर महिन्याला पत्र जातं आणि दर महिन्याला कुलूपवाले येतात. फॉर्मला एकोणीस पुरवण्या जोडल्या आहेत. भाऊ बेसूर गायचा, त्याला डावा बूट आधी घालायची सवय होती, लहानपणी पोहायला शिकवतो म्हणून त्याने यांना ढकललं आणि मग घाबरून स्वतःही कपड्यांसकट उडी मारली, हे सगळं त्यात सुवाच्य अक्षरात आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, हृदय आहे तसंच आहे, पुढे बिघडलेलं नाही. गेल्या खेपेला कुलूपवाले जायला उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"ताई, हे पत्र महिन्यातून एकदाच येतं का?" त्यांनी विचारलं. "पंधरा दिवसांनी नाही का पाठवता येणार?"